फ्रान्समध्ये रग्बी खेळायला निघालात? करारापासून पहिल्या हिवाळ्यापर्यंत

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या मैदानावर रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न सारखा येतो: दादा, फ्रान्सला कसं जायचं? पुण्या-मुंबईची पोरं विचारतात, कोल्हापूरची विचारतात. आता तर त्यांचे आईवडीलही विचारायला लागलेत.

मी प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या (दोन्ही संघ वाकून एकमेकांना ढकलतात ती रचना) पुढच्या रांगेतला. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात तिसऱ्या पातळीवर काही हंगाम खेळलो. ड्रेसिंग रूममध्ये फिजीचे विंगर होते, जॉर्जियाचे प्रॉप होते, दक्षिण आफ्रिकेचा एक लॉक होता. भाषा, देव, जेवण सगळं वेगळं, पण रडगाणं सगळ्यांचं एकच: कागद आणि रिकामी दुपार. खेळाचं तुम्हाला येतं, म्हणून इथे खेळाबद्दल फारसं नाही. बाकीचं क्रमाने सांगतो.

१. आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते बघा

सगळ्यात वर टॉप १४, त्याखाली १६ क्लबांची प्रो डी-२. या दोन्ही एलएनआर ही व्यावसायिक लीग संस्था चालवते. त्याखालच्या नॅशनल, नॅशनल २ आणि फेडेराल स्पर्धा फ्रेंच फेडरेशनच्या. भारतातून थेट टॉप १४ चं स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत, पण खरा दरवाजा नॅशनल किंवा त्याखालीच उघडतो. तिथे काहींना पूर्णवेळ करार मिळतो, काहींना अर्धवेळ, म्हणजे सकाळी कुठेतरी नोकरी आणि संध्याकाळी सराव. मुलींच्या सर्वात वरच्या स्पर्धेत, एलीट १ मध्येही बहुतेकजणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळूनच खेळतात.

‘जिफ’ हा शब्द तुमच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडेल. फ्रेंच अकादम्यांतून किंवा लहानपणापासून फ्रेंच परवान्यावर घडलेला खेळाडू म्हणजे जिफ. व्यावसायिक लीगमध्ये क्लबला हंगामभरात सरासरी २३ पैकी १६ जिफ खेळवावे लागतात. तुम्ही जिफ नाही. म्हणजे जी थोडी जागा उरते तिच्यासाठी फिजी, टोंगा, जॉर्जिया, अर्जेंटिना सगळे रांगेत आहेत. क्लबने तुम्हाला का घ्यावं याचं एका वाक्यातलं उत्तर तयार हवं. ‘मी मेहनती आहे’ हे उत्तर नव्हे. ‘मी स्क्रममध्ये दोन्ही बाजूंनी खेळतो’ हे उत्तर.

सेव्हन्स, म्हणजे सात जणांची रग्बी खेळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्या व्हिडिओत नुसतं धावणं आणि ट्राय असतील तर प्रशिक्षक पुढचं बघतच नाही. त्याला टॅकल, रक (खाली पडलेल्या चेंडूवरची झुंज) आणि उंच आलेल्या चेंडूखालची तुमची जागा बघायची असते. पंधरा जणांच्या सामन्यातली सलग वीस मिनिटं, न कापता, पाठवा.

२. एजंट

फ्रान्समध्ये खेळाडूंच्या एजंटला परवाना लागतो, आणि त्याची दलाली कराराच्या रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. परवानाधारकांची यादी फेडरेशनकडे असते. नाव तपासा.

आपल्याकडे फिरणारा प्रकार असा: ‘दोन लाख भरा, ट्रायल पक्की, आत्ता टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर कागद बदलून घेऊ.’ खरा क्लब ट्रायलचे पैसे मागत नाही. आणि टुरिस्ट म्हणून आत गेल्यावर तिथल्या तिथे कामाचा परवाना मिळवणं जवळपास अशक्य असतं, परत मुंबईलाच येऊन अर्ज करावा लागतो. असं सांगणारा माणूस कितीही गोड बोलो, फोन ठेवून द्या.

३. करार वाचा, आकड्याच्या पलीकडचा

हा भाग सावकाश वाचा. पोरं फक्त महिन्याचा आकडा बघतात.

पहिली गोष्ट, तो आकडा ‘ब्रूत’ असतो, म्हणजे कपातीआधीचा. ढोबळमानाने एक पंचमांशाहून थोडं जास्त सामाजिक सुरक्षेत जातं. उरलेल्यातून आयकर जागच्या जागी कापला जातो. जानेवारी २०१९ पासून तिथे हीच पद्धत आहे. घरी आकडा सांगताना हातात पडणाराच सांगा, नाहीतर पुढे भावाच्या लग्नापर्यंत हिशेब चुकत जातो. क्लबने घर किंवा गाडी दिली तर तिची किंमतही पगारातच धरतात आणि तिच्यावरही कपात होते.

दुसरी गोष्ट, मुदत. खेळाडूचा करार ठरावीक मुदतीचा असतो, हंगाम १ जुलै ते ३० जून, आणि कायद्याने जास्तीत जास्त पाच वर्षांचा. क्लब तुम्हाला मनात आलं म्हणून मध्येच काढू शकत नाही, हे चांगलं. पण तुम्हालाही मनात आलं म्हणून मध्येच निघता येत नाही. गुडघा फाटलेला असला तरी ३० जूनला करार संपतो तो संपतोच. म्हणून एक वर्षाच्या मोठ्या आकड्यापेक्षा दोन वर्षांचा लहान आकडा मी केव्हाही घेईन.

सही करण्याआधी एवढं विचारा:

- क्लब खालच्या पातळीवर घसरला तर पगाराचं काय?
- बोनस कशावर? संघात निवडीवर, मैदानावर उतरण्यावर, की जिंकण्यावर?
- घर कोणाच्या नावावर, आणि करार संपल्यावर किती दिवसांत सोडायचं?
- वर्षाला मुंबईची किती तिकिटं? सामान धरून की नुसतं बसणं?
- फ्रेंचचे वर्ग कोणाच्या खर्चाने?
- भारतासाठी खेळायला सोडणार का? वर्ल्ड रग्बीचा नियम ९ क्लबला ठराविक आंतरराष्ट्रीय कालखंडांपुरताच बांधतो. त्याबाहेरच्या स्पर्धांसाठी परवानगी करारातच लिहून घ्या. अध्यक्षांनी पाठीवर थाप मारून दिलेला शब्द पुढच्या अध्यक्षाला लागू नसतो.

करार फ्रेंचमध्ये असतो. परदेशी कामगाराला आपल्या भाषेतलं भाषांतर मागायचा हक्क तिथल्या कामगार कायद्याने दिलाय. म्हणजे मराठीतूनही मागता येईल! मी इंग्रजीवर भागवलं, पण कोणीतरी एकदा मागून बघा, त्या सचिवाचा चेहरा बघायला मला आवडेल.

सहीनंतर करार एलएनआरकडे, खालच्या पातळीवर फेडरेशनकडे, मंजुरीला जातो. मंजुरीचा कागद हाती आल्याशिवाय इथली नोकरी सोडू नका. क्लबांचे हिशेब ए२आर (आधीचं नाव डीएनएसीजी) नावाची यंत्रणा तपासते आणि हिशेब जुळले नाहीत तर मैदानावर जिंकलेल्या क्लबलाही खाली ढकलू शकते. क्लबचं नाव आणि या दोनपैकी एक नाव एकत्र शोधून स्थानिक पेपरातल्या गेल्या वर्षभराच्या बातम्या भाषांतर करून वाचा. प्रोव्हाल ही खेळाडूंची संघटना आहे, १९९८ पासूनची. सदस्य व्हा, करारातलं कलम कळलं नाही तर विचारायची हक्काची जागा तीच.

४. कागद: घरून निघण्याआधी

- पासपोर्ट, कराराच्या मुदतीच्या बराच पुढपर्यंत चालणारा
- जन्मदाखला, त्यावर तुमचं नाव असलेला
- लग्न झालं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र
- पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र
- रग्बी इंडियाकडून फ्रेंच फेडरेशनला जाणारी मंजुरी; वर्ल्ड रग्बीच्या नियम ४ प्रमाणे तिच्याशिवाय परवाना निघत नाही
- ईसीजी, रक्ततपासणी, जुन्या दुखापतींचे एमआरआय आणि शस्त्रक्रियेचे कागद. पुढच्या रांगेतल्यांनी मानेचा एमआरआय जवळ ठेवा, त्यांच्यासाठी वेगळी वैद्यकीय चाचपणी असते
- आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, वर्षभर चालतो
- सगळ्याच्या स्कॅन प्रती, आईच्या किंवा बहिणीच्या मेलवरही

जन्मदाखल्यावर थोडं थांबतो, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं नाव आणि ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’. तो दाखला फ्रान्सच्या आरोग्य विमा कार्यालयात चालत नाही. आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून घ्या, मग राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा शिक्का. फ्रेंच भाषांतर मात्र फ्रान्समधल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. इथे केलेलं तिथे परत करायला लावतात.

दुसरी मराठी अडचण म्हणजे वडिलांचं नाव. पासपोर्टवर आपलं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, आणि फ्रेंच कारकून वडिलांचं नाव तुमचं दुसरं नाव समजतो. समजू द्या. फक्त बँक, विमा, परवाना, वीजबिल सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. एका ठिकाणी ‘सचिन’ आणि दुसरीकडे ‘सचिन रामचंद्र’ झालं की त्या देशात तुम्ही दोन माणसं झालात.

५. व्हिसा

कामाची परवानगी क्लबने फ्रान्समध्ये ऑनलाइन काढायची असते. ती आली की मुंबईत व्हीएफएस या अर्ज घेणाऱ्या केंद्राकडे दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज. मुदतीचा करार असेल तर सहसा ‘तात्पुरता कामगार’ हा प्रकार मिळतो. नावाजलेल्या खेळाडूंसाठी ‘टॅलेंट’ हा वेगळा प्रकार आहे. बायको-मुलांना सोबत न्यायचं असेल तर कुठला प्रकार मिळणार हे सहीच्या आधी विचारा. टॅलेंटमध्ये कुटुंब बरोबर येऊ शकतं, दुसऱ्यात दीड वर्ष तरी थांबावं लागतं.

पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करायचा आणि कर भरायचा. क्लबची बाई करेल म्हणून बसू नका. तिच्याकडे चाळीस खेळाडू आहेत.

६. बॅग

कुकर न्या, पण स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा. तिथल्या भाड्याच्या घरांत बहुधा गॅस नसतो, आणि आईचा ॲल्युमिनियमचा हॉकिन्स त्या काचेवर नुसता बसून राहतो. गोडा मसाला, मेतकूट, बाकरवडी, चटण्या चालतात. तूप, पेढे, चक्का, सुकं मटण नाही: युरोपियन युनियनबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप सोडायचं दुःख होतं, पण फ्रेंच लोणी कढवलं की उत्तम तूप होतं, घरच्यांना सांगू नका. पुई या फ्रेंच गावाकडच्या हिरव्या मसुराची आमटी झकास होते.

बूट दोन जोड, त्यातला एक लांब स्टडचा. डिसेंबरची चिखलातली मैदानं बालेवाडीसारखी नसतात.

७. पहिले काही आठवडे, म्हणजे ऑगस्ट

तुम्ही जुलैत पोचता, पूर्वतयारीला. ऑगस्टमध्ये फ्रान्स सुट्टीवर जातो. घरमालक समुद्रावर, बँकेतला माणूस डोंगरात. म्हणून पहिल्या आठवड्यातच कामाचा क्रम लावा:

१. क्लबकडून राहण्याचं लेखी प्रमाणपत्र घ्या. बँक पत्ता मागते, घरमालक बँक खातं मागतो, हा फेरा या एका कागदाने तुटतो.
२. बँक खातं. खातं झालं की ‘रीब’ नावाचा खात्याचा तपशील मिळतो, तो सगळीकडे लागतो.
३. सीपीएएमकडे आरोग्य विम्याचा अर्ज. हिरवं कार्ड यायला महिने लागतात, तोवर तात्पुरत्या क्रमांकाचं पत्र खिशात ठेवा. क्लबचा पूरक विमाही असतो, त्याचा किमान निम्मा हप्ता मालकाने भरायचा असतो.
४. घर. आत जाताना ‘एता दे लियो’ म्हणजे घराच्या स्थितीची नोंद होते. भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा लिहायला लावा, फोटो काढा. रिकाम्या घराला एक महिन्याची अनामत, सामानासकटच्या घराला दोन महिन्यांपर्यंत. तीस वर्षांखालच्यांनी जामिनासाठी ‘व्हिझाल’ ही मोफत हमी बघावी.

मैदानावरची भाषा दोन आठवड्यांत येते: मोंत (वर सरक), गोश (डावीकडे), द्रुआत (उजवीकडे), आणि स्क्रमला रेफरीचं ‘फ्लेक्सियों, लिए, जो’, म्हणजे वाका, पकडा, खेळा. पुढच्या रांगेतल्यांनी हा क्रम आणि त्याची लय विमानात बसायच्या आधीच कानात बसवा. तिथे अर्धा क्षण उशीर झाला की मान तुमचीच असते. खाली, हौशी पातळीवर टॅकल कमरेच्या वर चालत नाही, तेही आधी विचारून घ्या.

संघाच्या स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी सांगा काय खात नाही ते. बीफ, पोर्क, जे असेल ते, लाजू नका. मुस्लिम खेळाडूंमुळे त्यांना अशा गोष्टींची सवय असते. सामन्यानंतरच्या जेवणाला मात्र थांबाच, नुसता रस प्यायलात तरी चालेल. तिथे प्रायोजक असतात, म्हातारे स्वयंसेवक असतात, आणि गाडी, सोफा, दंतवैद्य, सगळं त्याच टेबलावर मिळतं.

८. औषधं: इथे कोणालाही सूट नाही

घरून नेलेल्या औषधांच्या डब्यात करिअर संपवण्याची ताकद असते. आपल्याकडच्या खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, ते उत्तेजकविरोधी यादीत कायम बंदी असलेलं आहे, सामना असो नसो. ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर १ जानेवारी २०२४ पासून सामन्याच्या काळात बंदी आहे. सुट्टीत गावी गेल्यावर ‘लगेच बरं वाटेल’ म्हणून डॉक्टर जे स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचतात तेही सामन्याच्या काळात चालत नाही, आणि औषध शरीरातून जायला वेळ लागतो.

आयुर्वेदिक असो, जिमवाल्याने दिलेली पावडर असो, डब्यावर घटक पूर्ण लिहिलेले नसतील तर घेऊ नका. शरीरात सापडलं की जबाबदारी तुमची, कोणी दिलं हा प्रश्न नंतरचा. यादी दर १ जानेवारीला बदलते. भारतात सुट्टीवर असताना ताप आला तरी आधी क्लबच्या डॉक्टरला गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठवा. तो रात्रीसुद्धा उत्तर देतो, कारण तुमची बंदी त्यालाही महागात पडते.

९. दुखापत झाली तर

करारावरच्या खेळाडूची सामन्यातली किंवा सरावातली दुखापत ही कामावरचा अपघात धरली जाते. चोवीस तासांच्या आत क्लबला लेखी कळवा, मेसेज केलात तरी त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पुढच्या ४८ तासांत क्लबने सीपीएएमला कळवायचं असतं. डॉक्टरने दिलेलं रजेचं प्रमाणपत्रही ४८ तासांत पोचायला हवं. ‘बघू सोमवारी’ म्हणणारा व्यवस्थापक भेटेल. सोमवारपर्यंत थांबू नका, कारण नोंद नसेल तर वर्षाने तोच खांदा परत निखळल्यावर तो तुमचा जुना खांदा ठरतो.

डोक्याला मार लागला तर खोटं बोलू नका. फेडरेशनच्या सामन्यांत रेफरी निळं कार्ड दाखवून बाहेर काढतो आणि परत येता येत नाही. वरच्या पातळीवर किमान बारा मिनिटांची तपासणी असते. जागा जाईल या भीतीने परदेशी खेळाडू जास्त लपवतात. माझ्या शेजारी खेळणारा एक फिजियन मुलगा उजेड सहन होत नाही म्हणून पडदे लावून बसायचा आणि सरावाला हसत यायचा. त्याला शेवटी डॉक्टरकडे नेलं ते स्वयंपाक्याने.

दुखापतीतला खरा त्रास वेळेचा. सकाळी फिजिओ, अकराला मोकळे. संघ बसने ब्रिटनीत व्हानला गेलेला, परत यायला रविवार. जानेवारीत साडेपाचला अंधार. पोरं याच काळात बिघडतात: सट्टा, दारू, रात्रभर फोन. फ्रेंचचे वर्ग या काळासाठी राखून ठेवा, किंवा क्लबच्या शाळेत लहान मुलांना शिकवायला जा. आठ वर्षांची पोरं तुमची फ्रेंच सुधारतात आणि अजिबात दया दाखवत नाहीत.

१०. घर आणि पैसे

उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. सराव चारला संपला तर घरी साडेसात किंवा साडेआठ, जेवणाची वेळ. तो फोन रोजचा ठेवा, छोटा ठेवा.

पैशाचं मात्र पहिल्याच महिन्यात ठरवा. दर महिन्याला घरी जाणारी एकच रक्कम, आणि त्यात बदल वर्षातून एकदा. युरोचा पगार आहे म्हटल्यावर चुलत्याचा बोअर, मंडळाची वर्गणी, मावसभावाची फी सगळं तुमच्याकडे येतं. फिजीच्या पोरांचं याहून अवघड, त्यांच्या मागे अख्खं गाव आणि चर्च असतं. ज्यांनी आकडा ठरवला ते टिकले.

भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्या, पाठवलेल्या पैशासाठी एनआरई हे दुसरं अनिवासी खातं उघडा. परदेशात नोकरीला गेल्यावर जुनं निवासी खातं तसंच चालवणं नियमात बसत नाही. फ्रान्समध्ये पहिलं कर विवरणपत्र कागदावर भरतात, वसंतात. कर आधीच कापलाय म्हणून ते भरायचं नाही, असं नाही.

११. जानेवारीपासून पुढच्या वर्षाचं बघा

पुढच्या हंगामाची बोलणी हिवाळ्यातच सुरू होतात. क्लब गप्प बसला असेल तर फेब्रुवारीत तुम्हीच सरळ विचारा. नकारसुद्धा लवकर मिळालेला बरा, एप्रिलमध्ये जागा उरत नाहीत. निवास परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या चार ते दोन महिने आधी ऑनलाइन करायचा असतो, तारीख फोनमध्ये टाका. करार संपला आणि दुसरा मिळाला नाही, तर पुरेसे महिने काम झालेल्याला बेकारी भत्त्याचा हक्क असू शकतो. ‘फ्रान्स ट्राव्हाय’ या सरकारी रोजगार कार्यालयाकडे नाव घाला, त्यात कमीपणा नाही, तुमच्यासाठीचे हप्ते क्लबने भरलेत. पगाराच्या पावत्या आणि कामाचं प्रमाणपत्र क्लबकडून जूनमध्येच मागून घ्या. जुलैत त्या कार्यालयात फोन उचलायला कोणी नसतं.